मिशेल ब्रो : जवळ जाऊन उभा राहणारा कॅमेरा

माहितीपटाच्या कॅमेऱ्यावर काम करायला आलेल्या नव्या पोरांना मी हमखास विचारतो, "मिशेल ब्रोचं काही पाहिलंयस का?" बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं. फ्रेंच नवचित्रपटातली सगळी नावं त्यांना पाठ असतात. अलीकडच्या काळात कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्युबेक प्रांतातून हॉलिवूडला गेलेल्या दिग्दर्शकांचे मोठमोठे चित्रपटही पाहिलेले असतात. पण खांद्यावर कॅमेरा घेऊन माणसांच्या घोळक्यात शिरायची जी पद्धत आज आपण सगळे वापरतो, ती घडवणाऱ्यांत मॉन्ट्रियलचा हा माणूस अगदी पुढे होता, हे कुणी त्यांना सांगितलेलंच नसतं. म्हणून हे लिहितोय.

ब्रोचा जन्म १९२८ चा, मॉन्ट्रियलचा. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचं मुख्यालय १९५६ मध्ये ओटावाहून मॉन्ट्रियलला हललं, त्याच सुमारास तो तिथे लागला. बोर्ड सरकारी, कारभार मुख्यतः इंग्रजीत. फ्रेंच बोलणाऱ्या पोरांना तिथे स्वतःची जागा करून घ्यावी लागत होती. फ्रेंच निर्मितीचा वेगळा विभाग व्हायला १९६४ उजाडलं. ब्रो, जिल ग्रू, क्लोद ज्युत्रा, साउंड रेकॉर्डिस्ट मार्सेल कारिएर ही मंडळी त्या काळात एकमेकांच्या फिल्मवर पडेल ते काम करायची. आज दिग्दर्शक, तर उद्या दुसऱ्याच्या फिल्मचा कॅमेरामन. ब्रोच्या बाबतीत हे आयुष्यभर चाललं. त्याची कारकीर्द दिग्दर्शकाची म्हणायची की कॅमेरामनची, असा वाद मी ऐकलाय. मला तो वाद निरर्थक वाटतो. त्याचं दिग्दर्शन कॅमेरा धरण्यातूनच आलं.

सुरुवात 'ले राकेतर'पासून करायला हवी. १९५८ ची ही फिल्म, जेमतेम पंधरा मिनिटांची. शेरब्रुक नावाच्या गावात बर्फावर चालायची जाळीदार पादत्राणं घालणाऱ्यांच्या मंडळांचं संमेलन भरलेलं. विषय म्हटला तर किरकोळ. बातमीपटासाठी चार शॉट घ्यायचे आणि परतायचं, एवढीच वरिष्ठांची अपेक्षा. ब्रो आणि ग्रू यांनी तिथे मनसोक्त शूटिंग केलं. वरिष्ठांना ते पसंत पडलं नाही. हे फुटेज पुढेमागे कुठे वापरायला म्हणून ठेवून द्या, असं सांगण्यात आलं. ग्रूने रात्री बसून ते एडिट केलं. म्हणून ती फिल्म आज आहे.

तिच्यात काय आहे? नगराध्यक्षांचं भाषण, बँड, शर्यत, संमेलनाच्या राणीला मुकुट घालणं, रात्रीचा नाच. पण कॅमेरा कुठे आहे बघा. तो गर्दीच्या कडेला ट्रायपॉडवर उभा नाही. तो मंडळींच्या मधोमध आहे, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर. बँडवाला वाजवता वाजवता कॅमेऱ्याकडे एक नजर टाकतो आणि पुन्हा आपल्या वाजवण्याला लागतो. त्याला माहीत आहे की आपलं चित्रण चाललंय. लपवाछपवी काही नाही.

हा मुद्दा थोडा खोलात जाऊन सांगतो, कारण ब्रोचं सगळं काम इथून उगवतं. त्याच बोर्डात इंग्रजी विभागातली काही मंडळी तेव्हा माणसांना नकळत टिपणाऱ्या फिल्म करत होती. त्यांचं हत्यार टेलिफोटो लेन्स. लांब उभं राहायचं, चेहरा ओढून जवळ आणायचा, समोरच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. ब्रोला हे पटत नव्हतं. तो वाइड लेन्स लावायचा. आता वाइड लेन्सचं असं आहे, की चेहरा चेहऱ्यासारखा दिसायला हवा असेल तर तुम्हाला त्या माणसापासून हाताच्या अंतरावर जावंच लागतं. तिथून लपता येत नाही. त्याने विचारलं, "काय काढताय?" तर उत्तर द्यावं लागतं. त्याला नको असेल तर तो तोंडावर सांगतो आणि तुम्हाला कॅमेरा खाली घ्यावा लागतो.

तांत्रिक फायदाही मोठा. टेली लेन्स हातात धरली की श्वासाचासुद्धा धक्का पडद्यावर दिसतो. वाइडमध्ये तो दबतो, आणि फोकसची खोली जास्त असल्यामुळे माणूस दोन पावलं पुढेमागे झाला तरी चित्र सुटत नाही. त्यामुळे चालता येतं. गुडघे किंचित वाकवून, टाच हलकी टेकवत, बोलणाऱ्याच्या बरोबरीने चालायचं. आज आम्ही हे डोळे मिटून करतो. तेव्हा कॅमेरे जड होते, त्यांचा आवाज मोठा होता, आणि ध्वनी जागेवरच चित्राशी जुळवून घ्यायचा तर यंत्रांचा संसार बरोबर वागवावा लागे. अशा दिवसांत चालता कॅमेरा ही चैन नव्हती, ती हट्टाने मिळवलेली गोष्ट होती.

माझं बरंचसं काम ग्रामीण महाराष्ट्रातलं. ऊसतोड कामगारांच्या टोळ्यांवर एक मोठा माहितीपट आम्ही केला. फडात पहाटे अंधारात कोयते चालू होतात, आणि पाचट इतकं धारदार असतं की कॅमेऱ्याच्या पट्ट्याखाली मानेवर ओरखडे उठतात. तिथे मी वाइड लेन्सशिवाय दुसरी लेन्स बाहेरच काढली नाही. मोळी बांधणाऱ्या एका मावशींच्या इतक्या जवळ मी होतो, की त्या उठल्या की मला बाजूला व्हावं लागे. त्या म्हणाल्या, "मोळी डोक्यावर दिल्याशिवाय माझं काय काढू नको. आधी उचलू लाग." मी उचलू लागलो, मग कॅमेरा घेतला. त्यानंतर त्या मुकादमाच्या उचलीबद्दल जे बोलल्या, ते लांबून टेली लावून मला कधीच मिळालं नसतं. लेन्सची निवड ही आधी माणसाशी कसं वागायचं याची निवड असते, हे मला ब्रोच्या फिल्मांनी शिकवलं.

१९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका चर्चासत्रात 'ले राकेतर' दाखवली गेली. प्रेक्षकांत ज्याँ रूश होता, आफ्रिकेत चित्रण करणारा फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ. त्याने ब्रोला पॅरिसला बोलावून घेतलं. रूश आणि समाजशास्त्रज्ञ एद्गार मोरँ तेव्हा 'क्रोनिक दॅन एते' करत होते. पॅरिसच्या रस्त्यावर माणसांना "तुम्ही सुखी आहात का?" असं विचारत सुरू होणारी ही फिल्म १९६१ मध्ये आली. आंद्रे कुतॉं नावाचा तंत्रज्ञ तिच्यासाठी हलका, कमी आवाजाचा १६ मिमी कॅमेरा घडवत होता. नाग्रा टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवता येत होता, छोटा माइक कपड्यात लपवता येत होता. या यंत्रांना चालायला शिकवलं ब्रोने. रूशने १९६३ मधल्या मुलाखतीत मोकळेपणाने सांगून टाकलं, की सिनेमा-व्हेरिते (खऱ्या माणसांचं जगणं जागेवर टिपणारा 'सत्य-सिनेमा') म्हणून आम्ही फ्रान्समध्ये जे केलं ते कॅनडाच्या फिल्म बोर्डाकडून आलं, आणि चित्रणाचं नवं तंत्र ब्रोने आणलं. पॅरिसच्या माणसाने मॉन्ट्रियलचं ऋण असं जाहीर मान्य करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. चित्रपटाच्या अनेक इतिहासांत मात्र हा धडा अजूनही पॅरिसपासूनच सुरू होतो.

'ला ल्युत' ही १९६१ ची मॉन्ट्रियलच्या व्यावसायिक कुस्तीवरची फिल्म मी धावतं सांगतो. ब्रो आणि मित्रांचा बेत होता, की या कुस्त्या कशा लुटुपुटीच्या असतात ते उघडं पाडायचं. त्या सुमारास फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ शहरात आला होता. त्याने त्यांना यातून परावृत्त केलं : लोक तिथे नाटक बघायला येतात, ते नाटक मोडू नका. मग त्यांनी प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा धरला. फिल्म कितीतरी पटीने बरी झाली.

आता माझी सगळ्यात आवडती, 'पूर ला स्वीत द्यू मोंद'. 'जग पुढे चालत राहावं म्हणून', असा काहीसा अर्थ. १९६३. दिग्दर्शक दोन : ब्रो आणि पिएर पेरो. पेरो मुळात रेडिओवाला, बोलीचा वेडा. सेंट लॉरेन्स नदीत इल-ओ-कुद्र नावाचं बेट आहे. तिथले लोक पूर्वी बेलुगा, म्हणजे पांढरे देवमासे, पकडायचे. १९२४ नंतर ते बंद पडलं होतं. पेरो आणि ब्रोने बेटावरच्या लोकांना गळ घातली, की पुन्हा एकदा करून बघू या. १९६२ मध्ये ते खरोखर झालं.

मासा पकडायची रीत डोळ्यांनी बघण्यासारखी आहे. तिथे नदीला समुद्राची भरती-ओहोटी असते. ओहोटीला पात्र उघडं पडलं, की चिखलात लांबच लांब वळणदार ओळीत कोवळी झाडं खांबांसारखी रोवायची. हजारोंनी. भरतीला लहान माशांच्या मागे बेलुगा किनाऱ्याकडे येतात. पाणी उतरू लागलं, की प्रवाहात थरथरणाऱ्या त्या काठ्यांच्या रांगेला बुजतात. काठ्यांमध्ये फट असते, जायचं म्हटलं तर जाता येईल, पण ते जात नाहीत. पाणी ओसरतं आणि मासा अडकतो.

ब्रोचा कॅमेरा या कामात त्यांच्याबरोबर चिखलात आहे, होडीत आहे. पण खरी फिल्म आहे ती बोलण्याची. म्हातारा अलेक्सी ट्रांब्ले, त्याचा मुलगा लेओपोल, आणि ग्राँ-लुई नावाचा गोष्टीवेल्हाळ माणूस. ही मासेमारी मूळची कुणाची, आदिवासींची की फ्रान्सहून आलेल्या पूर्वजांची, यावर त्यांचा कडाक्याचा वाद चालतो. अलेक्सी सोळाव्या शतकात इथे आलेल्या फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिएच्या प्रवासवर्णनाचा हवाला देतो, आणि तोही असा की जणू कार्तिए शेजारच्या आळीत राहत होता. कॅमेरा एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जातो तो नेमका कधी जातो हे बघत राहावं. बोलणारा थांबायच्या किंचित आधी तो ऐकणाऱ्याकडे वळलेला असतो. म्हणजे कॅमेरामन ऐकतोय. संभाषणाचा अर्थ कळत असल्याशिवाय असं वळताच येत नाही. तो आवाजाच्या मागे धावत नाही, तो गप्पांत सामील आहे.

माहितीपटाचे काही सोवळे अभ्यासक म्हणतात, की बंद पडलेली गोष्ट फिल्मवाल्यांनीच सुरू करवली, मग हे वास्तव कसलं? मला हा आक्षेप कधीच पटला नाही. मासेमारी सुरू करवली फिल्मवाल्यांनी, हे खरं. पण काठ्या किती लावायच्या, मान कुणाचा, चर्चमध्ये नवस काय बोलायचा, यावरची भांडणं बेटाची स्वतःची आहेत. ती कुणी लिहून दिलेली नाहीत. मला खुपतं ते वेगळं. पकडलेला बेलुगा जिवंत न्यूयॉर्कच्या मत्स्यालयाला विकला जातो. सेंट लॉरेन्समधले बेलुगा आज धोक्यात आलेले आहेत, आणि हे ठाऊक असताना तो प्रवास बघणं जड जातं. फिल्म तो प्रवास झाकत नाही, एवढं मात्र तिच्या बाजूने म्हणायला हवं. ही फिल्म १९६३ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होती. कॅनडाचा पूर्ण लांबीचा चित्रपट तिथे स्पर्धेत उतरण्याची ती पहिली वेळ.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो. १९६७ मध्ये पहिला कथापट, 'आंत्र ला मेर ए लो दूस', गायक क्लोद गोतिए आणि जन्व्हिएव्ह ब्युजोल्ड यांना घेऊन. मग पेरोबरोबर पुन्हा, 'लाकादी, लाकादी' (१९७१) : कॅनडातल्या माँक्टन शहरातल्या फ्रेंचभाषक विद्यार्थ्यांचं आंदोलन. त्याच वर्षी ज्युत्राच्या 'मों ओंक्ल आंत्वान'चा कॅमेरा. ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या गावातला तो हिवाळा, घोड्याची घसरगाडी, दुकानाच्या काचेआडून दिसणारी माणसं. कॅनडाच्या सर्वोत्तम चित्रपटांच्या याद्यांमध्ये या चित्रपटाने वर्षानुवर्षं पहिला क्रमांक राखला, त्यात ब्रोच्या उजेडाचा वाटा फार मोठा आहे.

आणि मग 'लेझ ऑर्द्र', म्हणजे 'हुकूम'. १९७४.

पार्श्वभूमी अशी. ऑक्टोबर १९७० मध्ये क्युबेकच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एफएलक्यू या सशस्त्र गटाने ब्रिटिश व्यापार प्रतिनिधी जेम्स क्रॉस आणि प्रांताचे मंत्री पिएर लापोर्त यांचं अपहरण केलं. १६ ऑक्टोबरच्या पहाटे पंतप्रधान पिएर त्रुदो यांच्या सरकारने युद्धकाळासाठी असलेला कायदा शांततेच्या काळात लागू केला. दुसऱ्याच दिवशी लापोर्त यांची हत्या झाली. वॉरंटशिवाय जवळपास पाचशे माणसं उचलली गेली. कामगार पुढारी, गायक, कवी, डॉक्टर, आणि ज्यांचा कशाशीच संबंध नव्हता असेही. बहुतेकांवर कसलाही आरोप ठेवला गेला नाही. सोडून दिलं, बस.

ब्रो त्यांपैकी पन्नासेक जणांना भेटला, त्यांचं सगळं ऐकून घेतलं, आणि त्यातून पाच माणसं रचली. चित्रपट सुरू होतो तो खुद्द त्रुदोंच्या, पंतप्रधान होण्याआधीच्या एका वाक्याने. त्याचा आशय असा, की सत्ता एखाद्या माणसावर अन्याय करते तेव्हा गप्प राहणारे बाकीचे सगळेच दोषी असतात. त्यानंतर नट स्वतः कॅमेऱ्याकडे बघून सांगतात : माझं नाव ज्याँ लापॉइंट, या चित्रपटात मी क्लेर्मों बुद्रोचं काम करतोय. इतका सरळ. हे नाट्य आहे हे आधीच सांगून टाकलंय, आणि तरी पुढे घशात आवंढा येतो. लेन्सबाबत ब्रोचा जो नियम होता तोच हा : मी इथे उभा आहे, लपलेलो नाही.

तुरुंगाबाहेरचं जग कृष्णधवल आहे आणि तुरुंग रंगीत. आपली अपेक्षा उलटी असते. त्या रंगांत भिंतीचा फिकट हिरवा दिसतो, दिव्याचा आजारी पिवळा दिसतो, कातडीचा रंग दिसतो. डॉक्टर बोशमँला कपडे काढायला लावून तपासतात तो प्रसंग रंगात असल्यामुळेच असह्य होतो. बेकार असलेला, घरी पोरं सांभाळणारा रिशार लाव्हुआ. त्याला पहारेकरी सांगतात की तुला गोळी घालणार, आणि खोटंखोटं तसं करूनही दाखवतात. कॅमेरा इथेही जवळ आहे, पण धक्के देत नाही. पडद्यावर मारहाण जवळपास नाहीच. दार बंद होतं, कुणी काही सांगत नाही, दिवस जातात. काही टीकाकारांचा तेव्हाही आक्षेप होता, की चित्रपट राजकारणाचं नाव घेत नाही, दोषी कोण ते बोलत नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण नाव न घेतल्यामुळेच हा चित्रपट क्युबेकबाहेर कुठेही कळतो, असं माझं ठाम मत आहे.

मे १९७५ मध्ये कानला या चित्रपटासाठी ब्रोला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला, दिग्दर्शक कोस्ता-गाव्रासबरोबर विभागून. पुढच्याच महिन्यात, २५ जूनच्या रात्री, आपल्याकडे आणीबाणी आली.

माझ्या आत्याचे यजमान तेव्हा शाळामास्तर होते, सेवादलाचे. मिसाखाली त्यांना नेलं. मामा (आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात) आता थकलेत, पण कान चांगले आहेत. दोघांना बसवून मी 'लेझ ऑर्द्र' दाखवला, आणि खालची अक्षरं वाचून मराठीत सांगत गेलो. क्लेर्मोंला नेतात, मागोमाग त्याची बायको मारीलाही नेतात. तिथे आत्या म्हणाली, "बाईमाणसाला नेलं तर पोरांच्या जेवणाचं कोण बघणार, एवढं तरी विचारावं की नाही?" मग म्हणाली, "मामांना नेलं तेव्हा मी तुझ्या आतेबहिणीला सांगितलं, बाबा गावाला गेलेत. तिने रोज विचारलं, कुठल्या गावाला." मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. पडद्यावर कैद्यांना कारण न देताच सोडतात, तेव्हा म्हणाले, "मिसात कारण सांगायचं बंधनच नव्हतं. यांचंही तेच की रे." त्यांनी मला तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला.

ज्या माणसाने क्युबेकच्या पन्नास जणांचं नीट बसून ऐकलं, त्याचं काम सातारा जिल्ह्यातल्या एका घरात असं पोचतं. पटकथा आधी आणि माणसं नंतर, असं त्याने केलं असतं तर ते पोचलं नसतं.

त्यानंतरही तो थांबला नाही. फ्रान्सिस मँकिविक्झच्या 'ले बों देबारा'चा (१९८०) कॅमेरा त्याचाच. 'ले नोस द पापिए' (१९८९) मध्ये ब्युजोल्ड पुन्हा त्याच्याबरोबर आली. चिलीहून आलेल्या निर्वासिताला देशाबाहेर घालवू नयेत म्हणून एक प्राध्यापिका त्याच्याशी कागदोपत्री लग्न करते, ती कथा. १९९९ मध्ये क्युबेकमधल्या १८३७-३८ च्या ब्रिटिशविरोधी बंडावरचा चित्रपट केला. तो मला तितकासा भिडला नाही, ऐतिहासिक पोशाखांत त्याचा कॅमेरा थोडा अवघडतो. सप्टेंबर २०१३ मध्ये तो गेला, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी.

ज्यांना बघायचं असेल त्यांनी 'ले राकेतर'ने सुरुवात करा. फिल्म बोर्डाने आपल्या संग्रहातल्या पुष्कळ फिल्म स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत ठेवल्या आहेत, तिथे शोधा. 'पूर ला स्वीत द्यू मोंद' बघताना हेडफोन लावा. चिखलात काठी रोवतानाचा आवाज आणि ग्राँ-लुईचं हसणं मोबाइलच्या स्पीकरवर वाया जातं. पहिल्यांदा अक्षरं वाचत बघा. दुसऱ्यांदा अक्षरं बंद करून फक्त कॅमेरा कधी वळतो ते बघा. कॅमेऱ्यावर काम करणाऱ्यांनी तर वहीत टिपणं घेत बघा : तो कुणाच्या डाव्या हाताला उभा आहे, अंतर किती आहे, माणूस उठल्यावर आधी कॅमेरा उठतो की नंतर. 'लेझ ऑर्द्र' मिळवायला थोडी खटपट पडेल, ती करा. शक्य असेल तर घरात आणीबाणीच्या दिवसांतलं जे कुणी आहे त्यांना शेजारी बसवा, आणि ते बोलू लागले की चित्रपट थांबवून ठेवा.